रामटेकेंचं उतरतं वजन

संघपाल रामटेके यांचं वजन उतरायला लागलं तेव्हा घरात सगळे खूश होते. बायको शीला तर इतकी, की शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. त्या खुशीची आता लाज वाटते, असं ती म्हणते.

रामटेके मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. नागपूरला इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, नोकरीसाठी फरीदाबादला आले आणि इथलेच झाले. शीला सरकारी शाळेत शिकवायची. एकुलती मुलगी श्रावस्ती नोएडाला एका कंपनीत होती, तिथेच मैत्रिणींबरोबर राहायची आणि शनिवार-रविवार सेक्टर आठच्या घरी यायची.

रामटेकेंची नोकरी होती वजनकाटे तपासण्याची. एका खासगी लॅबमध्ये ते हा विभाग सांभाळत. औषधाच्या कारखान्यातला मिलिग्रॅम मोजणारा नाजूक काटा असो की भरलेला ट्रक तोलणारा रस्त्यावरचा काटा, तो खरं दाखवतो का हे प्रमाणवजनं ठेवून पाहायचं आणि तसा दाखला द्यायचा. दाखल्याच्या तळाशी सही त्यांची. एकदा पलवलकडच्या एका भंगारवाल्याने काटा खोटा असताना सहीसाठी हट्ट धरला. रामटेके नाही म्हणाले. त्याने फाटकाला कुलूप घातलं. जूनच्या उन्हात तीन तास हा माणूस वजनांच्या पेटीवर बसून राहिला, पण सही केली नाही. लॅबमध्ये नवीन येणाऱ्याला हा किस्सा पहिल्याच आठवड्यात ऐकवला जायचा, आणि रामटेके शेजारच्या टेबलावर मान खाली घालून ऐकत नसल्यासारखं करायचे.

बावन्नावं लागलं त्या एप्रिलमध्ये कंपनीतर्फे तपासणी झाली. वजन ब्याण्णव किलो सहाशे ग्रॅम, साखर काठावर. "दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू," असं तिथल्या डॉक्टरने हिंदीत आणि थोडं हसत सांगितलं. रविवारी श्रावस्तीने ऑनलाइन वजनकाटा मागवला. काळी काच, खाली चार रबरी पाय, वर निळे आकडे.

पहिल्या आठवड्यात त्या काट्याने घर डोक्यावर घेतलं. सकाळी ब्याण्णव, दुपारी त्र्याण्णव पॉइंट चार, काटा जरा सरकवला की एक्क्याण्णव.

"फेका तो," शीला म्हणाली. "माझं पण एका दिवसात दीड किलो वाढवलं त्याने. मी फक्त उपमा खाल्लाय."

"काट्याचा दोष नाही," रामटेके म्हणाले. "आपण त्याला धड विचारत नाही."

मग ते कामाला लागले. बाथरूमची फरशी जाळीकडे उतरती होती, तिथे एक पाय अधांतरी राहायचा. पायपुसण्यावर ठेवला तर काटा भलतंच बोलायचा. त्यांनी सगळ्या खोल्यांतून सपाटी पाहायची पाणसाळ फिरवली आणि बेडरूमच्या खिडकीखालची एक फरशी पक्की केली. चार कोपऱ्यांना पेन्सिलच्या खुणा केल्या. वेळ ठरवली: सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अंगावर फक्त बनियन आणि पायजमा. काटा जागचा हलला असेल तर एकदा उभं राहून उतरायचं, तो शून्यावर आला की पुन्हा चढायचं आणि दुसरा आकडा खरा धरायचा.

तरीही एक गोष्ट त्यांना खटकली. लागोपाठ तीनदा चढलं तर तिन्ही वेळा नेमका तोच आकडा. इतका एकसारखा काटा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी पाण्याची भरलेली बाटली हातात घेतली, चढले, उतरले, बाटली ठेवली, पुन्हा चढले. आता आकडा दोनशे ग्रॅमने वेगळा आला.

"बघ लबाडी," ते शीलाला म्हणाले. "मागचा आकडा लक्षात ठेवतो आणि नवा जवळपास असला की जुनाच दाखवतो. आपल्याला बरं वाटावं म्हणून."

तेव्हापासून आधी बाटली, मग वजन, असा नेम झाला. एका लांब वहीत तारीख, आकडा आणि शेरा. एकेका दिवसाच्या आकड्याला ते किंमत देत नसत. लोणचं खाल्लं की दुसऱ्या दिवशी अर्धा किलो वर, पोट साफ झालं की खाली. दर रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि आलेखावर एक ठिपका द्यायचा. ठिपके आठवड्याला चारशे ग्रॅमच्या बेताने उतरत गेले. संध्याकाळी टाऊन पार्कला पाच फेऱ्या, भात बंद, चहात साखर नाही. सप्टेंबरअखेर साडेब्याऐंशी. लॅबमधले नरेश नागर म्हणाले, "रामटेकेजी, आप तो लड़के लगने लगे," आणि डाएट विचारून घेतलं. सोसायटीतल्या दोघातिघांनी त्याच कंपनीचे काटे मागवले.

ऑक्टोबरमध्ये सगळे नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर. पुढे दहा दिवस शीलाच्या माहेरी आणि पवनीला. रामटेकेंनी ठरवूनच हात मोकळा सोडला. सांबारवडी, पाटवड्यांचा रस्सा, वडाभात, रात्री सावजी मटण. परत आल्यावर दीड-दोन किलो वाढलेले दिसतील आणि ते उतरायला महिना लागेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन आठवड्यांची जागा वहीत त्यांनी मोकळी सोडली होती.

फरीदाबादला आल्यावर पहिल्या सकाळी काट्याने एक्क्याऐंशी पॉइंट सहा दाखवलं.

"बॅटरी गेली असेल," शीला म्हणाली.

नवी बॅटरी घातली. एक्क्याऐंशी पॉइंट पाच.

"मग छानच की! तिकडचं पाणीच वेगळं."

रामटेके हसले, पण वही मिटताना त्यांचा हात जरा रेंगाळला. दहा किलो तर केव्हाच उतरून झाले होते. त्यांनी भात सुरू केला, चहात साखर आली, फेऱ्या पाचाच्या दोन झाल्या. आलेख आता आडवा व्हायला हवा होता. झाला नाही. पुढच्या रविवारी ऐंशी पॉइंट नऊ, मग ऐंशी पॉइंट दोन, मग एकोणऐंशी पॉइंट चार. डाएट करत होते तेव्हा ठिपके थोडे वरखाली असायचे. आता ते एकाखाली एक सरळ उतरत होते, आणि तेही वाढत्या वेगाने. त्यात जेवणानंतर पाठीत मधोमध एक बारीक कळ येऊ लागली होती. वीस-वीस किलोची वजनं उचलणाऱ्या माणसाची पाठ दुखायचीच, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

शीलाला मात्र आता खुशी वाटेनाशी झाली होती. तिचे मोठे भाऊ भाऊराव असेच वर्ध्याला बारीक होत गेले होते. "दादा हिरो झाला" म्हणून सगळे हसले होते, आणि चार महिन्यांत दादा गेले होते. ते नाव तिने घेतलं नाही. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवू या."

"आधी काटा तपासू. काटाच खोटा असेल तर डॉक्टरला काय सांगणार?"

त्या वेळी हे म्हणणं दोघांनाही पटलं. काटा खोटा निघावा असं दोघांनाही मनातून वाटत होतं.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दिल्लीचा धूर खिडकीला येऊन टेकला होता. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी मानेसरला काम होतं, म्हणून लॅबची गाडी घरीच होती आणि गाडीत वीस किलोची चार लोखंडी वजनं. रामटेकेंनी ती एकेक करून लिफ्टने वर आणली. चौथं आणताना दम लागून त्यांना लिफ्टशेजारच्या जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. बेडरूमचं दार त्यांनी लोटून घेतलं.

आयुष्यभर काटा तपासताना त्यांना काहीच वाटत नसे. काटा चुकला तर चुकला, बरोबर तर बरोबर. त्या दिवशी पहिलं वजन ठेवताना तळहाताला घाम होता. वीस, चाळीस, साठ. चारही वजनं काचेवर नीट बसली तेव्हा निळा आकडा थरथरला आणि थांबला.

ऐंशी पॉइंट एक.

त्यांनी सगळी वजनं उतरवली, बाटली ठेवून काट्याची आठवण पुसली आणि पुन्हा रचली. ऐंशी पॉइंट एक. तिसऱ्यांदाही तेच. ऐंशी किलोला शंभर ग्रॅमचा फरक. कितीतरी कारखान्यांच्या काट्यांपेक्षा हा बरा होता. याला त्यांनी डोळे मिटून दाखला दिला असता. वजनं बाजूला ठेवून ते स्वतः उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर पॉइंट नऊ.

दाराबाहेरून शीलाने विचारलं, "काय निघालं?"

आणि संघपाल रामटेके, ज्यांनी पलवलला तीन तास उन्हात बसून खोटी सही केली नव्हती, ते म्हणाले, "दीड किलो कमी दाखवतोय. म्हणूनच. आता सेट केलाय मी."

पुढे त्यांनी श्रावस्तीला सांगितलं की हे बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. दारापलीकडे शीलाच्या बांगड्या वाजल्या नाहीत, ती श्वास धरून उभी होती, आणि तोंडातून निघून गेलं.

"तरी मी म्हणतच होते," शीला म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने गॅस पेटवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीपासून ती काट्याशेजारी येऊन उभी राहू लागली. काटा सेट केला म्हटल्यावर आकडा दीड किलोने वर दिसायला हवा होता. थंडी पडली होती, म्हणून रामटेके जॅकेट घालून चढू लागले. "जॅकेटचे सहाशे ग्रॅम मी वजा करतो," ते म्हणाले. जॅकेटच्या खिशात एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं, दुकानदार वापरतात तसली षटकोनी लोखंडी वजनं होती. लॅबच्या अडगळीत पडलेली ती जुनी वजनं त्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणली होती.

काट्यावर ऐंशीच्या वर आकडा आला. शीलाने मान हलवली आणि चहा टाकायला गेली.

एकदा सुरू केलं की थांबता येईना. आतलं वजन उतरत होतं आणि ते भरून काढायला खिशातलं वाढवावं लागत होतं. नाताळपर्यंत अडीच किलो झाले, जानेवारीच्या मध्याला साडेतीन. जॅकेटचे खांदे खाली ओढले जायचे. कळ आता पाठीतून पोटात यायची, जेवायला बसलं की दोन घासांत बस वाटायचं. लॅबमध्ये नागरांनी डाएट विचारायचं सोडलं होतं. ते रामटेकेंकडे बघायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. वही मात्र रोज लिहिली जात होती. आकडा काट्यावर दिसला तोच. फक्त शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलचे बारीक ठिपके पडू लागले होते.

एका शनिवारी सकाळी श्रावस्ती दूध आणायला निघाली. बाहेर गारठा होता, तिने दारामागचं बाबांचं जॅकेट ओढलं आणि ते तिच्या हातून सुटून फरशीवर आदळलं. दगड पडावा तसा आवाज झाला. तिने खिसे उलटे केले. लोखंडाचे चार काळे ठोकळे बाहेर आले.

"बाबा, हे काय आहे?"

रामटेके खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"लॅबचं सामान आहे. ठेव तिथे."

"जॅकेटच्या पॉकेटमध्ये? आणि हेच जॅकेट घालून तुम्ही रोज..." ती बोलता बोलता थांबली. आकड्यांचं काम तीही करायची, तिला वेळ लागला नाही. "बाबा, यार. किती दिवसांपासून?"

"आईला सांगू नकोस."

"तुमचं खरं वजन किती आहे?"

तिने पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा दिसलं, त्यांच्या बोटातली अंगठी दोऱ्याने गुंडाळून घट्ट केलेली होती.

शीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. श्रावस्तीने घाईने ते ठोकळे ओढणीखाली घेतले.

"राहू दे," शीला म्हणाली. "मला माहीत आहे."

रामटेकेंनी वर पाहिलं.

"डिसेंबरमध्ये तुमच्या तीन पँटी मार्केटमधल्या टेलरकडे दिल्या मी. आत घ्यायला. तुम्ही ऑफिसला गेल्यावर. परवा चौथ्यांदा गेले तर तो म्हणाला, मॅडम, आता आणखी कापड दाबलं तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतील." तिचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. "तुम्ही ऐंशी म्हणायचात आणि मी हो म्हणायचे. मला वाटलं, तुम्हाला त्या आकड्याचा धीर वाटतोय. तो मी कशाला काढून घेऊ?"

"आणि मला वाटलं तुला," रामटेके म्हणाले.

श्रावस्ती दोघांकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं आणि रडता रडताच ती फोनवर डॉक्टर शोधू लागली.

मंगळवारी तिघं मेट्रोने दिल्लीला एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉ. राघव खन्ना चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, वजन कधीपासून कमी होतंय. बहुतेक लोक म्हणतात, झाले असतील काही महिने. रामटेकेंनी टेबलावर वही ठेवली.

डॉक्टरांनी आलेखावरून बोट फिरवलं. ऑक्टोबरपाशी ते थांबलं. "यहाँ से आपने डाइट छोड़ी?"

"जी."

"फिर भी गिरता गया." बोट पुढे सरकलं आणि नोव्हेंबरपाशी गोंधळलं. "यहाँ एकदम ऊपर कैसे?"

शीलाने साडीचा पदर बोटाला गुंडाळला.

"तिथून पुढचे आकडे खोटे आहेत," रामटेके आधी मराठीतच म्हणाले. मग सावरून हिंदीत सगळं सांगितलं. खिसा, लोखंड, जॅकेट. एका अनोळखी माणसासमोर हे बोलताना त्यांचे कान तापले होते. "पर सर, कितना रखा था, वह लिखा है. एक बिंदी मतलब पाँच सौ ग्राम. जैकेट के छह सौ अलग. घटा दीजिए, सही वजन निकल आएगा."

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि वहीच्या कडेला वजाबाक्या केल्या. नऊ आठवड्यांचे नऊ ठिपके नवे दिले. रेघ ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत अखंड उतरत आली, पंचाहत्तर पॉइंट दोनपर्यंत. त्यांनी आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवला. साखर एप्रिलपेक्षा बरीच चढली होती.

"वजन सत्रह किलो घटा और शुगर बढ़ गई," ते म्हणाले. "उल्टा होना चाहिए था. स्कैन आज ही करवाइए."

स्वादुपिंडात गाठ होती. मधल्या भागात, अक्रोडाएवढी. रिपोर्टमधला इंग्रजी शब्द श्रावस्तीने फोनवर शोधला, खाली आलेलं वाचलं आणि फोन पालथा घालून मांडीवर ठेवला. आजूबाजूला पसरलेलं दिसत नाही, ऑपरेशन होऊ शकतं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. याहून जास्त शीलाने विचारलं तेव्हा ते म्हणाले की पोट उघडल्यावर कळेल.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, साडेपाच तासांचं. गाठ निघाली, तिच्याबरोबर स्वादुपिंडाचा बराच भाग आणि प्लीहाही. मार्चअखेरीपासून केमो सुरू झाला, दर दोन आठवड्यांनी. श्रावस्तीने नोएडाची खोली सोडली आणि घरूनच काम करू लागली.

केमोच्या वॉर्डात दर वेळी आधी वजन घ्यायचे, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरायची. चौथ्या खेपेला गर्दी होती. केरळची एक तरुण नर्स फॉर्म भरत होती. खुर्चीतून उठायला रामटेकेंना लागणारा वेळ बघून ती मायेने म्हणाली, "अंकल, बैठे रहिए. पिछली बार वाला लिख देती हूँ."

"नहीं सिस्टर."

ते उठले. शाल काढून शीलाकडे दिली, चपला काढल्या, खिशातला फोन आणि रुमाल काढला, श्रावस्तीच्या खांद्याला धरून काट्याजवळ गेले आणि मग तिचा खांदाही सोडला. काट्यावर ते एकटेच डोलत उभे राहिले. आकडा थांबला. एकसष्ट पॉइंट आठ. मागच्या वेळी पासष्ट होतं.

नर्सने तो आकडा लिहिला आणि डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवशीची मात्रा कमी केली गेली.

पावसाळाभर अशीच ये-जा चालली. कधी रक्तातल्या पेशी खाली जायच्या आणि केमोची खेप पुढे ढकलली जायची, कधी तोंड आतून सोललं जायचं. शीला शाळेतून आली की आधी त्यांचं ताट बघायची, मग त्यांच्याकडे. ऑगस्टमध्ये वजन बासष्टवर टिकलं. सप्टेंबरमध्ये शेवटचा डोस झाला, मग पुन्हा स्कॅन.

डॉ. खन्नांनी चित्रं पडद्यावर लावली. जिथे गाठ होती ती जागा स्वच्छ होती. मग त्यांनी यकृताच्या कडेला एक ठिपका दाखवला, मसुराच्या डाळीएवढा. ऑपरेशननंतरचा व्रणही असेल. दुसरं काहीही असू शकेल. एवढ्या लहान गोष्टीचा तुकडा काढता येत नाही. डिसेंबरमध्ये परत बघू.

"तोवर?" शीलाने विचारलं.

"तोवर जेवा, चाला, काम करावंसं वाटलं तर करा," ते हिंदीत म्हणाले. कंपनीच्या तपासणीतल्या डॉक्टरसारखे ते हसले नाहीत, आणि त्याबद्दल रामटेकेंना त्यांचा आदर वाटला.

परतीच्या मेट्रोत नागरांचा फोन आला. लॅबमध्ये नवीन माणसं घेतलीत, त्यांना शिकवायला अर्धा दिवस येणार का, म्हणून विचारत होते. रामटेके खिडकीतून ओखल्याकडचे कारखाने बघत होते. "सोमवार से," ते म्हणाले.

"सोमवारीच?" शीलाने विचारलं.

"मग कधी?"

बडखल मोड स्टेशनला उतरल्यावर खाली जाणारा सरकता जिना बंद होता. रामटेके पहिल्या पायरीपाशी थांबले, खाली पाहिलं, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच चारचौघांत आपणहून शीलाचा हात धरला. दोघं हळूहळू उतरू लागले. मागून येणारे लोक बाजूने वाट काढत पुढे जात होते.

सोमवारी ते लॅबला गेले. डिसेंबरची तारीख शीलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली नाही. ती तिघांनाही पाठ आहे.